बी कोणाचे राखावे, फांदी कोणाची लावावी?

आपल्या वडोदरा शहराचे नाव वडावरून पडले, हे आपण सर्व जाणतो. हा वड आपला वंश दोन रीतींनी वाढवतो, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. वडाची लाल फळे पक्षी खातात, त्यांच्या विष्ठेतून बी कुठे भिंतीच्या फटीत, कुठे ताडाच्या खोडावर पडते आणि तेथे नवा वड उगवतो. ही झाली बियांची वाट. दुसरीकडे त्याच वडाच्या पारंब्या जमिनीत शिरतात, जाड होतात आणि मूळ खोड जीर्ण होऊन गेले तरी पारंब्यांच्या खांबांवर झाड उभे राहते. भरूचजवळ नर्मदेच्या बेटावरचा कबीरवड असाच पसरला आहे. तेथे मूळ खोड कोणते, हे सांगणे अवघड. ही झाली बियांवाचूनची वाट.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपण शेतात जे जे लावतो ते या दोनपैकी एका वाटेने पुढे जाते. या दोन वाटांतला फरक न ओळखल्यामुळे आपले दर वर्षी नुकसान होते. कोणी संकरित कपाशीची सरकी घरी राखून पेरतो आणि पीक वेडेवाकडे येते. कोणी पपईची पन्नास झाडे लावतो, त्यांतली निम्मी नुसतीच फुलतात. कोणी शेजारच्या बागेतून फुकट मिळाले म्हणून केळीचे मुनवे आणतो आणि मुनव्याबरोबर रोगही घरी आणतो. या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो असा की झाडाचे मूल कसे जन्मते? म्हणून आज हा विषय जरा सविस्तर पाहू.

फुलात काय घडते

फूल हे झाडाचे प्रजननाचे अंग आहे. जास्वंदीचे किंवा भेंडीचे फूल हाती घेऊन पाहा. बारीक तंतूंच्या टोकांवर पिवळी भुकटी असलेल्या पिशव्या दिसतात. तंतू म्हणजे पुंकेसर, पिशव्या म्हणजे परागकोष आणि भुकटी म्हणजे पराग. मधोमध असतो तो स्त्रीकेसर. त्याचे वरचे चिकट टोक म्हणजे कुक्षी, तळाशी फुगीर भाग म्हणजे अंडाशय, आणि अंडाशयाच्या आत बीजांडे.

परागाचा कण कुक्षीवर पडला की तो तेथे रुजतो. त्यातून केसाहून बारीक नळी निघते आणि ती खाली उतरून बीजांडापर्यंत पोचते. तेथे नरपेशी व अंडपेशी यांचा संयोग होतो. मग बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ होते. यालाच झाडाचे लैंगिक प्रजनन म्हणतात. यातून एक गोष्ट मनात पक्की करावी. बी म्हणजे आई आणि बाप दोघांचे मूल. ते आईवर जाईल की बापावर, हे आधी सांगता येत नाही. एकाच फळातल्या दोन बिया सख्खी भावंडे असतात, पण भावंडे जशी सारखी नसतात तशा त्याही सारख्या नसतात.

मक्यात हे काम उघड्या डोळ्यांनी दिसते. वरचा तुरा हा नर. कणसातून लोंबणारे रेशमी केस ही मादी. एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरत नाही आणि कणीस बोळके राहते. मक्याचा पराग वाऱ्याने उडतो, म्हणून मका एका लांब ओळीत लावण्याऐवजी चौकोनी वाफ्यात बऱ्याच ओळी जवळजवळ लावाव्यात. केस बाहेर पडण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण त्या आठवडाभरात जे चुकते ते नंतर कितीही खत घातले तरी भरून निघत नाही.

भुईमुगाचे कौतुक वेगळेच. त्याचे फूल जमिनीच्या वर उमलते, पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडतो, आणि मग फुलाच्या बुडातून आऱ्या निघून मातीत शिरतात. शेंग धरते ती मातीत. म्हणून शेंग जमिनीखाली असली तरी ती मूळ नव्हे, फळच आहे. उलट बटाटा जमिनीखाली असतो तो फुलाचे फळ नव्हे, ते फुगलेले खोड आहे. म्हणूनच त्याला डोळे असतात. या फरकाचे महत्त्व पुढे येईल.

फूल येते, फळ का धरत नाही?

दुधी, भोपळा, काकडी, कारले, दोडका यांच्या वेलीवर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बारीकसे फळ आधीच दिसते, नर फुलामागे नुसता देठ असतो. पहिले काही दिवस बहुधा नर फुलेच येतात आणि गळतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मादी फुले येऊनही बारीक फळ पिवळे पडून गळत असेल तर मात्र पराग पोचत नाही, असे समजावे.

हा पराग वाऱ्याने जात नाही, तो कीटक नेतात. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि मधमाश्या सकाळीच त्यावर येतात. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, तेथे पतंग येतात. त्यामुळे पाद्रा भागात वाड्यांवर भाजी करणारे जे बांधव सकाळी उठून फुलांवर विषारी औषध फवारतात ते आपल्याच मजुरांना मारतात. फवारणी करावीच लागली तर ज्या पिकाचे फूल ज्या वेळी मिटलेले असते त्या वेळी करावी. तोंडाला फडके बांधून, वाऱ्याकडे पाठ करून करावी, आणि नंतर अंग धुतल्याशिवाय जेवू नये. परसात दोन-चार वेल असतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या कुक्षीवर हळूच टेकवावा. भोपळ्याला सकाळी, दुधीला संध्याकाळी. घरातल्या बायकामुलांनाही जमण्यासारखे हे काम आहे.

नर झाड आणि मादी झाड

काही वनस्पतींत आख्खे झाडच नर किंवा मादी असते. पपई त्यातली मुख्य. आपल्या गुजरातेतला मधुबिंदू वाण किंवा वॉशिंग्टन हा जुना वाण बियांपासून लावला की सुमारे निम्मी झाडे नर निघतात. नराची फुले लांब लोंबत्या झुबक्यात येतात, मादीचे फूल मोठे आणि खोडाला चिकटून येते. बी पाहून किंवा रोपाची मुळे पाहून नर-मादी ओळखता येते असे सांगणारे भेटतात, त्यावर भरवसा ठेवू नये. फूल येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून एका जागी तीन-चार रोपे लावावीत, फुले दिसली की जादा नर उपटावेत, आणि दर दहा-पंधरा माद्यांमागे एक नर ठेवावा. सगळेच नर काढून टाकले तर माद्यांना पराग कोठून मिळणार? आजकाल लावतात त्या रेड लेडीसारख्या संकरित वाणात नुसते नर झाड नसते. काही झाडे मादी आणि काही उभयलिंगी असतात. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, मादीचे गोल. पण ते संकरित आहे, म्हणून त्याच्या फळातले बी राखण्यात अर्थ नाही. याचे कारण लवकरच पाहू.

परवर, ज्याला इकडे परवळ म्हणतात, तेही असेच. त्याचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बियांपासून लावले तर निम्मे वेल नर निघतात आणि मांडवाची निम्मी जागा फुकट जाते. म्हणून परवर वेलीच्या तुकड्यांपासून लावतात. मादी वेलीचा तुकडा मादीच होतो, नराचा नर होतो, त्यात फसगत नाही. पण येथे उलटी चूक होते. शेजाऱ्याकडून चांगल्या फळांच्या वेलीचे तुकडे आणले, सगळे मादीचेच, आणि मग फुले गळतात म्हणून औषधाच्या दुकानात खेपा घालायच्या. दर नऊ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल हवाच, तोही मांडवात विखरून.

एका मठाच्या बागेतला हिशेब

बी आईवर जाईल की बापावर, याचा काही नियम आहे का? हा नियम शोधून काढला तो ऑगस्टिनियन संघाच्या एका धर्मगुरूने. त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी, मठाच्या बागेत त्यांनी 1856 ते 1863 या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. ते शेतकऱ्याचेच पुत्र होते.

त्यांनी उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा हाताने संकर केला. पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच निघाली, जणू बुटकेपणा नाहीसाच झाला. मग त्यांनी या उंच रोपांचे बी राखून पेरले. दुसऱ्या पिढीत 1064 रोपांपैकी 787 उंच आणि 277 बुटकी निघाली. म्हणजे साधारण तिघांमागे एक. बुटकेपणा गेला नव्हता, तो आत दडून बसला होता, आणि पुढच्या पिढीत तो बाहेर आला. मेंडेल यांनी हे निष्कर्ष 1865 मध्ये वाचून दाखवले आणि 1866 मध्ये छापले. त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही. 1884 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1900 मध्ये जगाला त्यांच्या कामाचे मोल कळले. आज बियांच्या दुकानात जी जी पुडी मिळते तिच्यामागे हा मठातला हिशेब आहे.

संकरित बी का राखू नये

आता कपाशीकडे येऊ. आपला करजण आणि भरूचकडचा कानम प्रदेश काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी आपल्याच गुजरातेत, सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केली. 1970 मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. तिचे नाव संकर-4 किंवा एच-4. गुजरात-67 हा वाण आई आणि अमेरिकन नेक्टरीलेस हा बाप.

कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणून संकर करायचा तर आईच्या फुलातले पुंकेसर आधी काढावे लागतात. उद्या सकाळी उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर पाकळीसकट सोलून काढायचे, कुक्षीला इजा होऊ द्यायची नाही, आणि दुसऱ्या सकाळी बापाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. एकेका कळीला हे करावे लागते. पुडीतली सरकी महाग का, याचे मोठे कारण हे बोटांचे काम आहे.

ही बोटे पुष्कळदा लहान मुलांची असतात, हे येथे सांगितलेच पाहिजे. उत्तर गुजरातेतल्या सरकीच्या प्लॉटांवर राजस्थानातल्या डुंगरपूरकडची आदिवासी मुले शाळा सोडून या कामाला आणली जात, हे अनेक पाहण्यांतून उघड झाले आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला अशा कामाला लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपल्यापैकी कोणी बीजोत्पादनाचा करार घेत असेल तर त्याने मुलांना या कामावर घेऊ नये, आणि कोणी आपल्या मुलाला मुकादमाबरोबर धाडू नये.

संकराची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते, जशी मेंडेल यांची सगळी उंच रोपे. त्याच कपाशीची सरकी राखून पेरली की दुसऱ्या पिढीत दडलेले गुण फुटून वर येतात. एक झाड उंच, एक बुटके, एकाचा धागा लांब, एकाचा आखूड, एक लवकर फुटते, एक उशिरा. वेचणी लांबते, व्यापारी भाव पाडतो. बीटी कपाशीत तर आणखी एक तोटा आहे. बोंडअळीला मारणारा गुण संकराला एकाच पालकाकडून मिळाला असेल तर दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा झाडांत तो गुण नसतो. 2001 मध्ये नवभारत-151 नावाचे मंजुरी नसलेले बीटी बी गुजरातेत पकडले गेले. सरकारी मंजुरी 2002 च्या मार्चमध्ये दुसऱ्या वाणांना मिळाली. पण तोवर आणि त्यानंतरही बिनलेबलाच्या स्वस्त पुड्या गावोगाव फिरत राहिल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ अशा दुसऱ्या पिढीच्या होत्या. पुडीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत कितवी पिढी आहे हे महत्त्वाचे असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पावती घ्यावी, लेबल जपून ठेवावे, आणि पुडीत थोडे बी शिल्लक ठेवावे.

एरंडात, म्हणजे इकडच्या दिवेल्यात, हेच काम वारा करतो. एरंडाच्या तुऱ्यावर खाली नर फुले आणि वर मादी फुले असतात. 1960 च्या दशकात गुजरातच्या संशोधकांनी जवळजवळ सर्व फुले मादीच येणाऱ्या झाडांची ओळ वापरून संकर काढला. अशा मादी ओळीशेजारी बापाच्या ओळी लावल्या की नखाने काही सोलावे लागत नाही, वारा पराग नेतो. फक्त मादी ओळीत एखादे नर फुलांचे झाड दिसले की ते फुलण्याआधी उपटावे लागते. आज देशातला बहुतेक एरंड आपल्या गुजरातेत पिकतो, त्यात या संकराचा वाटा मोठा आहे. पण येथेही नियम तोच. संकरित एरंडाचे बी तेलासाठी विकावे, पेरणीला राखू नये.

बियांवाचून वंश

आता दुसरी वाट. ऊस कांडीपासून, बटाटा डोळ्यापासून, आले आणि हळद बेण्यापासून, रताळे वेलीपासून, केळ मुनव्यापासून लावतात. येथे बापही नाही आणि पराग नाही. झाडाचा एक तुकडा वेगळा होतो आणि तोच पुढे वाढतो. याला अलैंगिक प्रजनन म्हणतात. अशा तुकड्यापासून झालेले झाड हे मुळातल्या झाडाचे मूल नव्हे, ते मूळ झाडच होय, नव्या जागी उभे राहिलेले.

म्हणून आंब्याचे कलम करतात. हापूसची कोय लावली तर हापूस मिळेलच असे नाही, कारण कोय ही दोघा पालकांची. पण हापूसची काडी रायवळच्या खुंटावर बांधली तर वरच्या भागाला हापूसच लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळात येशूसंघाच्या धर्मगुरूंनी आंब्याच्या कलमांचा प्रसार केला, असे मानले जाते. मानकुराद, हापूस असे वाण टिकून राहिले ते कलमांमुळेच. आपल्याकडे जुनागढचा केसर आंबा याच रीतीने पसरला. 1934 मध्ये जुनागढच्या नबाबांनी त्याला केसर हे नाव दिले, असे सांगतात. आज तालाळ्यात, कच्छात आणि मराठवाड्यात उभी असलेली केसरची झाडे म्हणजे एकाच जुन्या झाडाच्या काड्या आहेत.

येथे एक शंका पुष्कळांना येते. बागेत हापूसशेजारी आंबट रायवळ असला तर हापूस आंबट होतो का? होत नाही. आंब्याचा गर हा आईच्या अंडाशयाचा, त्यात बापाचा भाग नाही. बापाचा वाटा कोयीच्या आत असतो. मक्याचे तसे नाही. मक्याचा दाणा हाच मूल आहे, म्हणून पांढऱ्या मक्याजवळ पिवळा मका असला तर त्याच वर्षी कणसात पिवळे दाणे दिसतात. पांढरा मका राखायचा तर दोन शेतांत निदान दोनशे मीटर अंतर हवे, किंवा पेरणीत काही आठवड्यांचे अंतर हवे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलणार नाहीत.

एकाच साच्याचा धोका

बियांवाचूनच्या वाटेत फसवणूक नाही, पण एक मोठा धोका आहे. सगळी झाडे एकच असतील तर एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो. बियांच्या पिकात भावंडे वेगवेगळी असतात, काही मरतात, काही तगतात. एकाच साच्यातून काढलेल्या बागेत तगणारे कोणी उरत नाही.

आयर्लंडमध्ये गरीब लोक बटाट्यावर जगत, आणि बहुतेक शेतांत लंपर नावाचा एकच वाण होता. 1845 मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. रोग तर कारण होताच. राज्यकर्त्यांची बेपर्वाईही होती. पण सगळे एकाच बटाट्यावर अवलंबून होते, हेही कारण होते.

केळीची गोष्ट याहून जवळची. आपण खातो त्या केळीत बी नसते. आत काळे ठिपके दिसतात ती न वाढलेली बीजांडे. या केळीला बियांची वाट बंदच आहे, ती मुनव्यांनीच वाढते. पूर्वी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचे केळे होते. पनामा मर या बुरशीने त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि 1960 च्या सुमारास त्याची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळीने घेतली. आपली बसराई, रोबस्टा आणि ग्रँड नैन म्हणजे जी-9, ही सर्व याच गटातली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-4, कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आणि सुरत भागातूनही त्याची नोंद झाली. ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे राहते आणि ती पूर्ण घालवणारे औषध नाही. शिनोरकडे नर्मदाकाठी केळी करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावे.

म्हणून मुनवे फुकट मिळाले तरी माहीत नसलेल्या बागेतून आणू नयेत. खालची पाने कडेने पिवळी पडून खोडाजवळ लोंबत असतील, खोड उभे फाटत असेल, कापल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसत असतील, तर त्या बागेतली मातीसुद्धा पायाला लावून आणू नये. कुदळ-कोयते धुऊन घ्यावेत. घरच्या निरोगी बागेतले मुनवे घ्यायचे तर तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे आणि बुंध्याशी जाड असे निवडावेत. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला टवटवीत असतात, पण त्यांचा कंद लहान असतो. ऊतीसंवर्धित रोपे आणायची तर मातृवृक्षाची विषाणू-तपासणी झाल्याचा दाखला मागावा. प्रयोगशाळेतले रोप म्हणून ते आपोआप निरोगी ठरत नाही. रोगट झाडाच्या तुकड्याची दहा हजार रोपे केली तर दहा हजार रोगट रोपे होतील. आणि ते रोप स्वच्छ असले तरी लागण झालेल्या जमिनीत ते वाचत नाही.

उसातही हेच दिसले. उत्तर प्रदेशात को-0238 या एका वाणाने जवळजवळ सर्व क्षेत्र व्यापले होते, आणि अलीकडच्या वर्षांत लाल कूज रोगाने त्याच वाणाला गाठले. शक्य असेल तेथे एकाऐवजी दोन-तीन वाण ठेवावेत, हा त्यातला धडा.

दोन्ही वाटांची सांगड

मग कोणती वाट चांगली? दोन्ही. नवीन गुण हवा तर बी हवे, मिळालेला गुण टिकवायचा तर काडी हवी. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि व्यंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा रानटी उसाशी संकर केला आणि त्यातून 1918 मध्ये को-205 हा वाण बाहेर पडला. तो जन्मला बियांतून, पसरला कांडीतून. कोकणात वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आंबा निघाला, 1981 मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. तोही जन्मला कोयीतून, पसरला कलमातून.

आणि ही वाट तुकड्याची असल्यामुळेच एक नवा तंटा उभा राहिला. बटाट्याचा एक डोळा हाती आला की वाण हाती आला. 2019 मध्ये पेप्सिको कंपनीने वेफर्सच्या आपल्या बटाट्याच्या वाणावरून उत्तर गुजरातेतल्या काही शेतकऱ्यांवर खटले भरले. देशभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात ते मागे घेतले. 2001 चा पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आपल्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतो. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही, एवढीच अट आहे. आपला हक्क आपल्याला माहीत असावा.

थोडक्यात सांगायचे तर

गहू, भात, हरभरा, भुईमूग ही पिके बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. यांच्या सरळ सुधारित वाणाचे बी खुशाल राखावे आणि तीन-चार वर्षांनी नवे आणावे. तूर, मिरची, मोहरी यांत मधमाश्या परक्याचा पराग आणतात, म्हणून बी शेताच्या मधल्या भागातले घ्यावे, बांधाजवळचे घेऊ नये. मका, वेलभाज्या आणि पपई यांचे बी अंतर राखल्याशिवाय राखू नये. संकरित म्हणून लिहिलेले कोणतेही बी राखू नये. ऊस, केळ, आले, हळद, बटाटा यांचे बेणे फक्त निरोगी शेतातले, आपण स्वतः उभे राहून पाहिलेले असावे.

बियाणासाठी झाडे कापणीनंतर ढिगातून निवडू नयेत. उभ्या पिकातच चांगल्या झाडांना दोरा बांधून ठेवावा. बी दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावे. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, पाच-सात दिवसांनी उघडून मोजावेत. ऐंशी उगवले तर चिंता नाही. साठच उगवले तर बी वाढवून पेरावे. त्याहून कमी असतील तर ते बी पेरू नये.

शेवटी आरोग्याची एक सूचना. दुकानातल्या बियांना लाल, निळा किंवा हिरवा रंग असतो तो औषधाचा, म्हणजे विषाचा. असे उरलेले बी धुऊनसुद्धा दळू नये, कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नये, आणि मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. पेरणी झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मगच भाकरीला हात लावावा.